दोघा भावांतलं एक मशीन

केजला तहसीलसमोरच्या गल्लीत एक कॉम्प्युटर होता, त्यात तीन बिऱ्हाडं राहायची. खोटं बोलत नाही. एकाच डबड्यात तीन चुली, तिघांचे तीन स्वभाव, आणि एकाचं भांडं दुसऱ्याच्या भांड्याला लागत नव्हतं. हे ज्यानं जमवलं त्याला सगळं गाव सर म्हणायचं. कुठल्या शाळेत शिकवत होते म्हणून नव्हे. वडिलांची टायपिंगची इन्स्टिट्यूट त्यांच्याकडं आली, तिच्याबरोबर 'सर'ही आलं.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांना लागून. त्यामुळं मी सांगतो त्यातलं निम्मं तरी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

सर अंगानं इतके बारीक, की पंख्याखाली बसायचं झालं तर आधी खिशात पेपरवेट टाकायचे. पण बोटं मात्र लोखंडाची. जन्म टाइपरायटरवर गेलेला. तीच बोटं कीबोर्डवर पडायला लागली की माझ्या मशीनच्या काचेवर ठेवलेला सातबारा आपोआप सरकायचा, आणि झेरॉक्स तिरकी निघायची. गिऱ्हाईक भांडायला लागलं की मी शेजारी बोट दाखवायचो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सोमवारी तेच तीन पट्टे मशीनच्या कपाळावर. एकदा एका पाहुण्यानं हसून विचारलं, "सर, ह्याला बी लावता का?" सर म्हणाले, "त्याला जास्त गरज हाय. आपल्या डोस्क्यात एक जण बसतोय, त्याच्या डोस्क्यात तिघं."

तेव्हा देश उघडला, देश उघडला असं पेपरात रोज यायचं. केजमध्ये तो उघडला म्हणजे काय झालं? एसटीडीचे पिवळे बूथ आले, पानटपरीवर रंगीत पाण्याच्या नव्या बाटल्या आल्या, पोरांच्या पँटा ढिल्या झाल्या आणि सरांच्या दुकानात कॉम्प्युटर आला. तो बघायला नांदूरघाटहून जीप भरून माणसं आली होती. एका म्हातारीनं त्याला ओवाळलं. आता ती ओवाळणी मी बघितली की ऐकली, एवढं मात्र आठवत नाही.

कॉम्प्युटरला नुसता लाइट देऊन भागत नाही, त्याला उठवून कामाला लावणारा एक कारभारी आत बसवावा लागतो, हे आम्हांला सरांनी शिकवलं. असे कारभारी बरेच निघाले होते. एक होता डॉस. म्हातारा, काळ्या पडद्यामागं बसणारा, आपण बोलल्याशिवाय शब्द न काढणारा. दुसरा विंडोज. हा शहरातल्या जावयासारखा, रंगीत, ऐटबाज, ज्याच्या घरी जाईल त्याचं घर आपलंच समजणारा. तिसरा लिनक्स. तो एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून उतरला. त्याचं गाव कुठलं, जात कुठली, कुणाला ठाव नव्हतं. सर त्याला जोगी म्हणायचे आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव.

एका मशीनवर एकच कारभारी ठेवायचा, अशी जगाची रीत. नवा आणला की जुना पुसायचा. सरांना हा कसाईपणा वाटायचा. "जुना अजून हातपाय हलवतोय, अन् त्याला हाकलून नवा घ्यायचा? ह्याला घर म्हनत्यात का धर्मशाळा?" असं म्हणून ते खडू घ्यायचे आणि येईल त्याच्या पुढ्यात फरशीवर एक मोठं गोल काढायचे. ती हार्ड डिस्क. मग त्या गोलात बांध घालायचे. हा तुकडा म्हाताऱ्याचा, हा जावयाचा, हा जोग्याचा. आणि सगळ्यांच्या पुढं वेस. मशीन सुरू झालं की आधी वेशीवर थांबायचं आणि इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत विचारायचं, "कोण आलंय?" तुम्ही नाव सांगितलं की तो कारभारी उठायचा, बाकीचे झोपून राहायचे.

"भांडन शेताचं नसतंय," सर सांगायचे. "भांडन बांधाचं अन् रस्त्याचं असतंय. बांध नीट घाला, रस्ता नीट सोडा, एका शिवारात धा जन नांदत्यात." चहा द्यायला आलेल्याला सांगायचे, तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरला सांगायचे. कंडक्टर बिचारा डबल बेल मारून पळायचा.

गेवराईच्या एका मास्तरांचं तुम्हांला सांगायलाच पाहिजे. सरांनी त्यांच्या मशीनवर असेच तीन बांध घालून दिले होते. मास्तरांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून विंडोजची नवी सीडी आणली, घातली, आणि मशीननं वेशीवर थांबायचंच सोडलं. थेट विंडोज. बाकीच्या दोघांचा पत्ता नाही. म्हाताऱ्या डॉसच्या तुकड्यात मास्तरांचं सगळं लिखाण. ते मशीन पोत्यात गुंडाळून एसटीनं केजला घेऊन आले आणि सरांच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. एवढे रडले की पायरीखालच्या नालीला पाणी आलं.

सर त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "मास्तर, रडू नका. कायी गेलेलं न्हाई."

"गेलं हो सर. त्या मेल्यानं खाल्लं."

"खाल्लं न्हाई. त्यो आंधळा हाय. नवा विंडोज आला की वेशीवरची पाटी काढून आपली लावतोय. त्याला दुसऱ्याचं घर दिसतच न्हाई. मुद्दाम करत न्हाई त्यो. शेतं जाग्यावर हायेत, पीक उभं हाय, निस्ता रस्ता झाकलाय. त्याच्यावर राग धरू नका."

आणि खरंच, स्टीलच्या जेवणाच्या डब्यातून एक फ्लॉपी काढली, मशीनच्या तोंडात दिली, दोन ओळी बडवल्या. मशीननं विचारलं, "कोण आलंय?" मास्तर सरांच्या पाया पडायला गेले आणि गडबडीत मशीनच्याच पाया पडले. राग धरू नका, तो आंधळा आहे, हे वाक्य सरांनी पुढं किती लोकांना ऐकवलं असेल! अंबाजोगाईपर्यंत लोक ते एकमेकांच्या भांडणात वापरायला लागले.

आता त्यांच्या घरातलं सांगतो.

सरांना एक धाकटा भाऊ. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, पॅम्फ्लेट असली कामं करायचा. हात चांगला, जीभ तिखट. वडील होते तोवर दोघं एकाच टेबलावर बसायचे. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं आणि दोघांचं फाटलं. कारण विचाराल तर गल्लीत प्रत्येकाजवळ वेगळं होतं. दोघांना स्वतःला तरी नीट आठवत होतं का, मला शंका आहे. घर वाटलं. दुकान वाटलं, मधोमध प्लायवुडची फळी उभी राहिली. टाइपरायटर मोजून घेतले. राहिला कॉम्प्युटर. दोघांच्या पैशानं घेतलेला, एकच. तो करवतीनं कापता येईना.

पंचांनी हात टेकले. तेव्हा सर म्हणाले, "हीर वाटता येत न्हाई. बारी वाटता येती."

आणि त्यांनी जे केलं ते बघायला, जमलं असतं तर, मी तुम्हांला त्या काळात नेलं असतं. फळीला मधोमध चौकोनी खिडकी पाडली. खिडकीत न्हाव्याच्या दुकानातली गोल फिरणारी खुर्ची बसवली, पाठ काढून. तिच्यावर मशीन. सकाळी मशीनचं तोंड सरांकडं. दुपारचा भोंगा झाला की सर फळीवर टकटक करायचे, खुर्ची गर्रकन फिरायची, आणि मशीन धाकट्याचं. विहिरीवर जशी भावाभावांची पाण्याची बारी असते तशी. आतल्या डिस्कचीही रीतीनं वाटणी. आमच्याकडं थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरला लबाडी करत नाही. सरांनी खडूनं गोल काढलं, वाटे पाडले. मी मधे उभा. धाकट्यानं खिडकीतून मान घालून बघितलं आणि मला म्हणाला, "त्येंना सांगा, पुढचा वाटा माझा. वेशीजवळचा."

त्याला वाटलं रस्त्याकडची जमीन. मिळाला. त्यात विंडोज बसला. मागचे दोन, म्हातारा आणि जोगी, सरांचे. म्हाताऱ्याच्या तुकड्यात सरांनी एक काम काढलं होतं. मराठी टायपिंग शिकवणारा प्रोग्राम. त्यासाठी एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी स्वतः काढत होते, रांगोळीसारखं. एका 'ळ'वर त्यांनी अख्खा पोळा घालवला. बैल येऊन गेले, सरांनी मान वर केली नाही.

मी म्हणालो, "सर, ह्येची एखादी कॉपी फ्लॉपीवर काढून घरी ठेवा."

ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली. "कावून? भावाच्या शेजारी चीजवस्त हाय म्हनून दुसरीकडं लपवू? वाटनी झाली म्हंजे त्यो चोर झाला का?"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "घर वाटलं, दुकान वाटलं. आता एवढं एकच डबडं दोघांत हाय. त्याच्यापायी तरी त्यो रोज फळीपाशी येतोय. त्यानं दुसरं मशीन घेतलं, तर आमच्यात ऱ्हायलं काय?"

धाकट्याकडं पत्रिकांचा धंदा तेजीत होता. दोन मशीनं सहज घेतली असती. मी फळीपलीकडं जाऊन त्याला टोचायचो, "घे की बे आपलं वेगळं. कशाला बारीची कटकट?" तो माऊस पुसत म्हणायचा, "बघू. दिवाळी होऊ दे." मग दिवाळी व्हायची. पुन्हा, "बघू."

ते दोघं बोलत नव्हते, पण दुपारी टकटक व्हायची आणि खुर्ची फिरायची. तेवढ्यावर सरांचं चाललं होतं. माझंही बरं चाललं होतं. दोन्हीकडचा चहा पिणारा गल्लीत मी एकटाच.

लगीनसराईत एका बड्या पाहुण्यानं औरंगाबादहून पत्रिकेचा नमुना करून आणला. तो धाकट्याच्या जुन्या विंडोजमध्ये उघडेना. धाकट्यानं आपल्या बारीत, आपल्या वाट्यात, नव्या विंडोजची सीडी घातली. पुढं काय झालं ते तुम्हांला गेवराईच्या मास्तरांनी आधीच सांगून ठेवलंय.

सकाळी सर आले. विभूती लावली, बटण दाबलं. मशीननं काही विचारलं नाही. निळं आकाश, पांढरे ढग, थेट विंडोज.

आवाज येईना म्हणून मी डोकावलो. सर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले.

"आहो सर, फ्लॉपी टाका की. दोन मिंटाचं काम."

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"रस्ता त्यानं अडवला. त्यानंच मोकळा करावा."

"सर, तुमीच जगाला सांगत फिरता, त्यो आंधळा हाय, राग धरू नका..."

"आंधळा विंडोज हाय," सर म्हणाले. "माझा भाऊ आंधळा हाय का?"

मी फळीपलीकडं पळालो. धाकटा पांढराफटक पडलेला. त्याला वेशीची, पाटीची विद्या माहीत नव्हती, आणि गेवराईच्या मास्तरांची गोष्ट त्यानं माझी थाप म्हणून सोडून दिलेली. आपण थोरल्याचं सगळं पुसून टाकलं, अक्षरं गेली, कष्ट गेले, अशीच त्याची समजूत. "मी खाल्लं हो त्येंचं सगळं," मला म्हणाला. "कंच्या तोंडानं समोर जाऊ?"

"आरं येड्या, काय बी गेलं न्हाई! जाग्यावर हाय. तू निस्ता जा अन् म्हन, चुकलं, रस्ता करून द्या."

"जाग्यावर हाय? तुमी बघितलं का आत शिरून?"

"सरच म्हनत्यात."

"मागं तुमी म्हनला व्हता, त्येंनी मशीनकडून चहा करून घेतला."

हे मी म्हणालो होतो, खरं आहे. आणि सरांकडं येऊन, "धाकटा रडतोय हो, घाबरलाय," म्हणालो तर ते म्हणाले, "तुमच्या गोष्टीत गेवराईचे मास्तर बी नाली वाहूस्तोवर रडलेते." मी जन्मभर गावाला हसवलं, तोंडाला लगाम म्हणून घातला नाही. आता खरं बोलत होतो, तर माझं नाणं दोन्ही दुकानांत चालेना.

पुढचं बघवत नव्हतं. धाकट्यानं बारी मोडली नाही. रोज सकाळी तो मुकाट्यानं येऊन मशीनचं तोंड सरांच्या बाजूला फिरवून ठेवायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. पडदा सरांकडं बघतोय, सर पडद्याकडं बघतायत. बटणाला हात लावत नव्हते. त्यांना वाटायचं, हा रिकामं मशीन दाखवून हिणवतोय. त्याला वाटायचं, हात लावत नाहीत म्हणजे राग गेलेला नाही. दुपारी टकटक करायची गरजच उरली नाही. भोंगा झाला की धाकटा येऊन खुर्ची फिरवून घ्यायचा. सरांनी टाइपरायटर पुन्हा बाहेर काढला. कॉम्प्युटर शिकायला येणारी पोरं दुसरीकडं गेली. सर मोहरीएवढे होत चालले.

अशी दोन वर्षं गेली. पुन्हा लगीनसराईत, ऐन गर्दीत, धाकट्याच्या बारीत मशीन मधेच अडकायला लागलं आणि एका दुपारी उठेचना. बाहेर पत्रिकावाले रांगेत. बीडहून माणूस बोलवावा तर तो चार दिवस येणार नव्हता. मी म्हणालो, "फळीच्या पलीकडं कोन बसलंय?"

धाकट्यानं माऊस पुसून बाजूला ठेवला. मग उठला. खिडकीतून नुसती हाक मारली असती, हात घातला असता, तरी सर एका हातावर होते. पण तो दुकानातून उतरला, अंगातला शर्ट नीट केला, रस्त्यानं वळसा घालून सरांच्या पायरीशी आला आणि चपला काढल्या. पत्रिकावाले बघत होते. टपरीवरचे बघत होते. माझ्या मनात आलं, आता मिटतंय. मी तिघांचा चहा सांगितलासुद्धा.

सरांची बोटं टाइपरायटरवर थांबली. डोळे भरून आलेले मला दिसले. ह्यात माझं काही घातलेलं नाही.

धाकटा उंबऱ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मशीन सुरू व्हईना झालंय. बघता का जरा?"

सर. सगळं गाव म्हणायचं तसं. सख्ख्या भावाच्या तोंडून.

सरांनी त्याच्याकडं बघितलं. ह्या पोराला त्यांनी खांद्यावर बसवून गावभर फिरवलेलं. म्हणाले, "बघतो. बसा तुमी."

धाकटा बसला, अगदी कडेला, गिऱ्हाईक बसतं तसा. सरांनी खुर्ची आपल्याकडं फिरवली. स्टीलचा डबा उघडला, फ्लॉपी घातली. रोग साधा होता. पत्रिकांनी, फोटोंनी धाकट्याचा वाटा शिगोशीग भरला होता, विंडोजला पाय टाकायला जागा नव्हती. सरांनी कचरा काढला, मशीन उठलं.

"जागा कमी पडतीय तुमाला," सर म्हणाले.

"व्हय. कामं वाढलीत."

"मागची घ्या."

धाकटा मान खाली घालून म्हणाला, "तसं बी तिथं आता कायी ऱ्हायलं नसंल."

मी ओरडलो, "आरं हाय! सगळं हाय तिथं! सर, सांगा की त्याला. अक्षरं हायेत, जोगी हाय, सगळं जाग्यावर..."

धाकटा कसंनुसं हसला. "ह्येंचं सोडा सर. ह्येंच्या गोष्टी आपल्याला काय नव्या हायेत का?"

आणि सर, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "झेरॉक्सवाले, तुमचं दुकान उघडं हाय. गिऱ्हाईक थांबलंय."

मी हललो नाही. मशीन इंग्रजीत विचारत होतं, खरंच पुसायचं का. एकदा विचारलं, पुन्हा एकदा विचारलं. लोखंडाची बोटं, पण त्या दिवशी आवाज झाला नाही. सगळे ठिपके, तो पोळ्याचा 'ळ', कुठलं गाव माहीत नसलेला जोगी, सगळं गेलं. दोन वर्षं सुखरूप होतं, त्या दुपारपर्यंत. मागचे बांध मोडून सरांनी सगळं रान एक केलं आणि धाकट्याच्या नावे लावलं.

"बरं हाय सर, येतो," धाकटा म्हणाला. चपला घातल्या, वळसा घालून गेला. चहा आला तेव्हा दोघंच होतो.

मी विचारलं, "कावून केलं सर असं?"

"त्यो मागायला आलता."

"त्यानं कुठं मागितलं? त्यो जागा मागायला आलताच न्हवता."

"मग काय मागायला आलता?" सरांनी मला विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होते, मला ठाऊक असेल म्हणून. मला ठाऊक होतं, आणि आयुष्यात एकदाच माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

फळीपलीकडं खुर्ची गर्रकन फिरली. थोड्या वेळानं प्रिंटर सुरू झाला, करकर करकर, पत्रिकेमागून पत्रिका. सर कान देऊन ऐकत होते, दवाखान्यात छाती तपासतात तसे. बशीतला चहा तसाच निवत होता.

"नीट चालतंय न्हवं?" ते म्हणाले. "तुमी जाऊन बघून येता का जरा?"

"तुमीच जावा की सर. चार पावलं तर हायेत."

"मी गेलो तर," सर म्हणाले, "त्याला हातातलं काम टाकून उभं ऱ्हावं लागंल."